लसीकरणाचा जमाखर्च

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



राजकवी भा. रा. तांबे यांच्या या नगरीत, शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून, काव्यशास्त्रविनोदाऐवजी अर्थशास्त्रातील एक रूक्ष वाटणारा विषय मांडण्याची अनुमती संयोजकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय रूक्ष असला तरी आपल्याला परका नाही. प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातो : एवढा खर्च होतो, त्यातून मिळते काय? खर्चाच्या बाजूला पुस्तके, कपाटे, वेतन, वीज हे सारे पावतीनिशी मांडलेले असते. जमेच्या बाजूला वर्गणी आणि देणग्या यांपलीकडे काही दाखवता येत नाही. ज्या मुलाने वाचनकक्षात बसून अभ्यास केला आणि पुढे नाव काढले, त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही. राष्ट्रीय लसीकरण हा असाच, परंतु कितीतरी मोठा व्यवहार आहे. त्याचा जमाखर्च कसा मांडावा, तो मांडताना कोणत्या बाबी नजरेतून सुटतात आणि त्याचे ओझे शेवटी कोणाच्या खांद्यावर पडते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

खर्चाची बाजू सोपी आहे. लशीची किंमत, ती कारखान्यापासून खेड्यातील उपकेंद्रापर्यंत थंड ठेवणारी शीतसाखळी, सुया, परिचारिकांचे वेतन, प्रवास, नोंदवह्या हे सारे मोजता येते. जमेची बाजू मात्र न घडलेल्या घटनांची बनलेली असते. न झालेला गोवर, न आलेला घटसर्प, न गेलेला डोळा, न बुडालेली मजुरी यांची पावती कोण फाडणार? ज्या घरात मूल दगावले त्या घराला दुःख कळते. ज्या घरात ते लशीमुळे वाचले त्या घराला आपण वाचलो हेदेखील कळत नाही.

अशा अदृश्य लाभांची मोजणी कशी करावी याचा एक वस्तुपाठ मराठी अर्थशास्त्रज्ञांनीच घालून दिला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा लाभ पाणीपट्टीच्या रकमेपुरता मोजायचा, की त्या पाण्यामुळे गावात आलेली मजुरी, बाजारपेठ आणि वाहतूक हेही जमेस धरायचे, हा त्या पाहणीमागील मूळ प्रश्न होता. लसीकरणालाही हीच दृष्टी लावावी लागते. कालव्याचे पाणी ज्याच्या शेतात सोडले त्याचे पीक तर वाढतेच. पण त्याचा पाझर शेजाऱ्याच्या विहिरीलाही लागतो, आणि शेजारी त्यासाठी एक पैसाही देत नाही. लस टोचलेले मूल स्वतः वाचते आणि ज्याला ते रोग देऊ शकले असते त्यालाही वाचवते. लसीकरण निव्वळ बाजारावर सोडता येत नाही याचे कारण या पाझरात आहे. प्रत्येक कुटुंब आपल्यापुरता लाभ पाहून किंमत ठरवील, आणि शेजाऱ्याला होणाऱ्या लाभाची किंमत कोणीच देणार नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरणांकडे वळू. पहिले अर्थातच देवीचे. आपल्या भाषेत या रोगाला नाव देवीचे, आणि त्यावरील उपायालाही ‘देवी काढणे’ हाच शब्दप्रयोग. ग्वाल्हेरजवळ सांतऊ येथे शीतळामातेचे ठाणे आहे. अशी ठाणी देशभर आहेत, आणि रोगाचा धाक किती खोल होता याची ती साक्ष देतात. मुलगी पाहायला गेलेले लोक रंगरूपाबरोबर ‘तोंडावर देवीचे वण आहेत काय’ याचीही चौकशी करीत. विवाह, हुंडा, नोकरी, गेलेली दृष्टी या सर्वांतून हा रोग वसुली करीत असे, आणि ही वसुली कोणत्याही सरकारी अंदाजपत्रकात दिसत नसे.

एडवर्ड जेनरने १७९६ साली इंग्लंडात लशीचा प्रयोग केला. ती लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा प्रवास करीत मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानातील पहिली यशस्वी लस ती हीच. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे या देशात देवी काढल्या जात होत्या, तरी रोग हटला नव्हता. १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेने मोहिमेला वेग दिला. तरीही १९७३ च्या शरद ऋतूत बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल आणि आपला मध्य प्रदेश ही चार राज्ये रोगाची घरे म्हणून उरलीच होती. १९७४ साली देशात १,८८,००३ रुग्ण आणि ३१,२६२ मृत्यू नोंदले गेले. म्हणजे दर सहा रुग्णांमागे जवळजवळ एक मृत्यू.

त्या वर्षी टाटानगरच्या परिसरात मोठी साथ होती. उद्योगनगरीत कामासाठी येणारे-जाणारे लोक रेल्वेने आपल्या गावी परतत, आणि त्यांच्याबरोबर रोगही दूरदूरच्या जिल्ह्यांत जाई. तिकिटाच्या किमतीत रेल्वेचा खर्च येत होता. त्या प्रवासाने दुसऱ्या गावावर पडणारा खर्च येत नव्हता. अखेर टाटा उद्योगसमूहाने माणसे, वाहने आणि पैसा देऊन त्या भागातील मोहिमेचा भार उचलला. परोपकार त्यात होताच; पण रोगट परिसरात कारखाना नीट चालत नाही, हा हिशेबही होता.

मोहिमेची रीतही बदलली. सरसकट सर्वांना टोचीत बसण्याऐवजी घरोघर जाऊन रुग्ण शोधायचे, आणि रुग्णाभोवतीच्या माणसांना तातडीने लस द्यायची, असे ठरले. दोन टोकांच्या साध्या सुईमुळे पूर्वीच्या चौथाई लशीत काम होऊ लागले. रुग्णाची बातमी आणणाऱ्याला बक्षीस ठेवण्यात आले, आणि रुग्ण जसजसे दुर्मिळ झाले तसतशी बक्षिसाची रक्कम वाढवीत शेवटी ती १,००० रुपयांवर नेण्यात आली. त्या काळी ही रक्कम सामान्य मजुराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतकी होती. यात अर्थशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा आहे. शंभरावा रुग्ण शोधण्यास जो खर्च येतो त्याच्या कितीतरी पट खर्च शेवटचा रुग्ण शोधण्यास येतो. पण शेवटचा रुग्ण सापडला नाही तर आधीचा सारा खर्च पाण्यात जातो. १९७५ च्या मे महिन्यात देशातील शेवटचे रुग्ण आढळले, १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी जगातून रोग गेल्याची घोषणा झाली.

या मोहिमेचा जागतिक जमाखर्च आता इतिहासाचा भाग आहे. १९६७ ते १९७९ या काळात सर्व देशांचा मिळून सुमारे ३० कोटी डॉलर खर्च झाला. त्यांपैकी बाहेरून आलेली मदत सुमारे ९.८ कोटी, बाकीचा भार रोगग्रस्त देशांनी स्वतः सोसला. बचत मात्र दरवर्षी १०० कोटी डॉलरहून अधिक झाली असे मानले जाते. या बचतीचा मोठा वाटा श्रीमंत देशांना मिळाला. अमेरिकेत देवी नव्हत्या. पण त्या बाहेरून येतील या भीतीने मुलांना टोचणे, प्रवाशांची तपासणी करणे आणि लशीच्या दुष्परिणामांवर उपचार करणे यांवर त्या देशाचे १९६८ साली सुमारे १५ कोटी डॉलर खर्च झाले होते. म्हणजे तेरा वर्षांत साऱ्या जगाला जेवढा खर्च आला, तेवढा खर्च एकट्या अमेरिकेला केवळ सावध राहण्यासाठी दोन वर्षांत येत होता. बिहारमधल्या किंवा आपल्या प्रांतातल्या खेड्यात घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेवकाने अमेरिकेच्या खजिन्यात घातलेली ही भर होय. पाझराचे पाणी किती दूर जाते ते यावरून दिसेल.

परंतु हिशेब प्रामाणिक हवा असेल तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्यासाठी प्लेगकडे वळावे लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. गिरण्यांचे मजूर गावोगाव पळाले, परदेशी बंदरांनी मुंबईच्या मालाकडे संशयाने पाहण्यास सुरुवात केली. सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास पाचारण केले. त्याने अल्पावधीत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ पासून त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात चालू लागली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. लस सिद्ध झाली तरी ती लोकांपर्यंत पोहोचणे ही वेगळी गोष्ट असते. हाफकिनने लस टोचून घेतल्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या.

त्याच पुण्यात सोजिरांच्या हस्ते घरझडत्या झाल्या. त्या जुलमाने लोकमानस इतके पोळले की २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. सक्तीने कार्यक्रम स्वस्तात व त्वरेने होतो असे राज्यकर्त्यांना वाटते; प्रत्यक्षात सक्तीची किंमत नंतर, आणि व्याजासह, चुकवावी लागते. लोक रुग्ण लपवू लागतात, सरकारी माणूस दिसला की दार लावून घेतात.

दुसरी घटना १९०२ ची. पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दूषित झालेली बाटली एकच होती. हाफकिनवर ठपका आला, त्याला पदावरून दूर व्हावे लागले. १९०७ साली तो निर्दोष ठरला. तोवर लशीवरचा विश्वास ढासळला होता, आणि प्लेगने तर त्या काही दशकांत या देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. एका बाटलीच्या दोषामुळे किती जण लशीपासून दूर राहिले आणि प्राणास मुकले, याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. म्हणून लशीची तपासणी, दुष्परिणामांची नोंद आणि त्यांविषयी लोकांशी उघडपणे बोलणे यांवरील खर्चाला मी वरखर्च मानीत नाही. तो मूळ भांडवलाचा भाग आहे.

याला जोडूनच एक न्यायाचा प्रश्न येतो. कोणतीही लस सर्वस्वी निर्धोक नसते. लाखांत एखाद्याला गंभीर इजा होऊ शकते. लाभ साऱ्या समाजाचा आणि इजा मात्र एका घराची, असा हिशेब नीतीला धरून होत नाही. अमेरिकेने १९८६ साली कायदा करून अशा इजेसाठी, कोणाचा दोष सिद्ध करण्याची अट न घालता, भरपाईची व्यवस्था केली. समाजाच्या संरक्षणासाठी ज्याने आपले मूल पुढे केले त्याला समाजाने वाऱ्यावर सोडू नये, हा विचार प्रत्येक राष्ट्रीय कार्यक्रमात अंतर्भूत असला पाहिजे. त्यावर होणारा खर्च एकंदर लाभाच्या मानाने फार अल्प असतो.

आता नित्याच्या कार्यक्रमाकडे येऊ. भारतात १९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. १९८५ साली त्याला सार्वत्रिक स्वरूप देण्यास प्रारंभ होऊन १९९० च्या सुमारास तो साऱ्या जिल्ह्यांत पोहोचला. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर हे त्याचे आरंभीचे सहा शत्रू. पुढे कावीळ ब, रुबेला, अतिसार घडवणारा रोटाव्हायरस, न्यूमोनिया यांवरील लशींची त्यांत भर पडली. दरवर्षी अडीच कोटींहून अधिक नवजात बालके आणि सुमारे २.९ कोटी गर्भवती स्त्रिया या कार्यक्रमाच्या कक्षेत येतात. एवढे मोठे गिऱ्हाईक समोर असले की किंमत पाडून मागता येते, आणि मागणीची शाश्वती असली की कारखानदारही कमी किमतीत माल देऊ शकतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना १९६६ ची. याच संस्थेने आफ्रिकेतील मेंदुज्वरावरची लस अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत बनवली आणि २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासो या देशापासून तिचा वापर सुरू झाला. पाश्चात्त्य कंपन्यांना ज्या किमतीत परवडत नव्हते ते पुण्याच्या हडपसरात परवडले.

या साऱ्या खर्चावर परतावा किती? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ९४ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा २०११ ते २०२० या दशकाचा हिशेब मांडून तो २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी एका डॉलरच्या खर्चामागे १६ डॉलर परतावा सांगितला, आणि त्याच लेखात दुसरा आकडा ४४ डॉलरचाही दिला. एकाच खर्चाला दोन उत्तरे कशी? पहिल्या उत्तरात टळलेला औषधोपचार, प्रवास, आजारी मुलाजवळ बसल्याने बुडणारी मजुरी आणि अकाली मृत्यू वा अपंगत्व यांमुळे बुडालेले उत्पादन एवढेच धरले आहे. दुसऱ्यात माणसे दीर्घ व निरोगी आयुष्याला स्वतः जे मोल देतात तेही धरले आहे. गाडगीळांच्या कालव्याचाच हा प्रश्न : हिशेबाची कुंपणे कोठवर घालायची? असे आकडे ऐकताना त्यांच्यात काय मोजले आहे, हे सुजाण वाचकाने नेहमी विचारावे. तसेच ही सरासरी आहे, हेही ध्यानात ठेवावे. गोवराची लस अत्यंत स्वस्त आणि अत्यंत गुणकारी. तिचा परतावा प्रचंड. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पन्नास वर्षांत लसीकरणाने सुमारे १५.४ कोटी जीव वाचवले, आणि त्यांतील सुमारे साठ टक्के श्रेय एकट्या गोवराच्या लशीचे. प्रत्येक नव्या, महाग लशीला हेच माप लागू पडेल असे नाही. प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला पाहिजे.

पोलिओच्या मोहिमेवर असाच वाद झाला, आणि तो उपयुक्त वाद होता. १९९५ च्या डिसेंबरात देशभर पल्स पोलिओचा पहिला दिवस पाळला गेला. पुढे प्रत्येक राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना दोन थेंब पाजण्यासाठी तेवीस-चोवीस लाख कार्यकर्ते घराबाहेर पडत. टीकाकार विचारीत, की उरलेल्या काही शे रुग्णांसाठी एवढा अट्टहास का? याच परिचारिका गोवराची लस देऊ शकल्या असत्या, बाळंतिणींची तपासणी करू शकल्या असत्या. यात तथ्य होते. एका कामाला लावलेले मनुष्यबळ दुसऱ्या कामातून काढलेले असते, आणि हा सोडून दिलेल्या कामाचा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. तोंडाने देण्याच्या लशीमुळेच क्वचित पांगळेपण येते, हा आक्षेपही खरा होता. त्यामुळेच २०१५ च्या अखेरीपासून टोचण्याची लस कार्यक्रमात आली. परंतु निकाल पाहा. १९८० च्या दशकात वर्षाला दीड-दोन लाख मुले पांगळी होत असावीत असा अंदाज होता. २००९ साली ७४१ रुग्ण, २०१० साली ४२, आणि २०११ साली एकच. १३ जानेवारी २०११ चा हावड्याचा तो रुग्ण देशातील अखेरचा ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह हा सारा विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला, हे खरे. पण पांगळे मूल वाढवणाऱ्या आईचा दिवस, त्याच्या कुबड्या, त्याच्या हातून निसटलेली नोकरी हे सारे वर्षाला लाखाच्या हिशेबात मांडले, तर हा खर्च मोठा वाटत नाही.

महामारीच्या आठवणी अजून ताज्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत, एप्रिल ते जून या तिमाहीत, देशाचे उत्पन्न जवळजवळ चतुर्थांशाने घसरले. त्यापूर्वी १९९४ साली सुरतेत प्लेगची आवई उठली तेव्हा मृत्यू साठाहून कमी झाले. तरी निर्यात, विमानवाहतूक आणि पर्यटन मिळून दीड अब्ज डॉलरहून अधिक नुकसान झाल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. रोगाइतकाच रोगाचा धसका महाग पडतो. कोविडच्या लसीकरणासाठी २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात ३५,००० कोटी रुपये ठेवले गेले, ते या पार्श्वभूमीवर पाहावे. त्या प्रकरणात एक धडा खरेदीचाही होता. १ मे २०२१ पासून काही आठवडे केंद्र, राज्ये आणि खाजगी रुग्णालये यांनी लस वेगवेगळी विकत घ्यावी असे धोरण होते. कोव्हिशील्डची एकच मात्रा केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ३०० रुपयांना आणि खाजगी रुग्णालयांना ६०० रुपयांना, असे भाव झाले. राज्ये एकमेकांशी स्पर्धा करू लागली. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न उपस्थित केले, आणि २१ जूनपासून राज्यांचा वाटाही केंद्रानेच घेऊन प्रौढांना मोफत देण्याचे ठरले. शेजाऱ्याला लाभ देणारी वस्तू शेजाऱ्यांनी आपसांत चढाओढ करून विकत घ्यावी, यात शहाणपण नव्हते.

सभासदहो, येथवर सरकारच्या वहीचा विचार झाला. आता त्या वहीत कधीच न येणाऱ्या एका खर्चाकडे मी आपले लक्ष वेधतो. सरकारी लस मोफत आहे असे आपण म्हणतो. ती सरकारकडून मोफत मिळते, पण आईला ती मोफत पडत नाही. तिला कामावरची एक खाडी पडते. मूल कडेवर घेऊन जावे लागते. केंद्र बंद निघाले तर पुन्हा यावे लागते. रात्री मुलाला ताप आला तर दुसरी खाडी. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. जेथे काहीच विशेष केले नाही त्या गावांत सहा टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले होते. जेथे ठरल्या दिवशी शिबिर खात्रीने भरे, तेथे ते सुमारे अठरा टक्के झाले. आणि जेथे शिबिराबरोबर प्रत्येक वेळी एक किलो डाळ, आणि सारे डोस झाल्यावर जेवणाची ताटे दिली, तेथे सुमारे एकोणचाळीस टक्के झाले. डाळ दिल्याने खर्च वाढला असे वाटेल. पण परिचारिकेचा दिवस तेवढाच, मुले दुप्पट, त्यामुळे दर मुलामागचा खर्च निम्म्यावर आला. डाळीने आईचे मत बदलले असे नाही. ‘आज नको, पुढच्या वेळी’ म्हणण्याचे तिचे कारण तेवढे दूर झाले.

या दृष्टीने आपल्या प्रांताचे आकडे पाहावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी सर्व मूलभूत लशी मिळालेली मुले देशात १९९२-९३ साली ३५ टक्के होती, २०१५-१६ साली ६२ टक्के आणि २०१९-२१ साली ७६ टक्के. मध्य प्रदेश २०१५-१६ साली ५४ टक्क्यांच्या आसपास होता. पुढच्या पाहणीत तो ७७ वर आला. महाराष्ट्र त्याच पाहणीत ७३-७४ टक्क्यांवर होता. आरोग्याच्या बाबतीत मध्य प्रदेशाने महाराष्ट्राकडे पाहावे असे म्हणण्याची आपल्याकडील मराठी मंडळींना सवय आहे. येथे ती थोडी आवरावी लागेल. तथापि समाधान मानण्याजोगी स्थिती दोन्हीकडे नाही. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर बारा ते अठरा जणांना रोग देतो. त्याला रोखायचे तर शंभरांतील पंचाण्णव मुले सुरक्षित असावी लागतात. उरलेली मुले शहरभर विखुरलेली नसतात. ती एकाच वस्तीत, एकाच वीटभट्टीवर, इमारतीच्या बांधकामावरच्या एकाच पालांच्या रांगेत एकत्र सापडतात. रोग तेथे वाट पाहत असतो.

यश हा या कार्यक्रमाचा मोठा शत्रू आहे, असे म्हणावे लागते. आमच्या आजीने घटसर्पाने गेलेली मुले पाहिली होती; तिला लशीचे मोल पटवावे लागत नसे. आजच्या तरुण आईबापांनी घटसर्प पाहिलेला नाही, आणि तो त्यांनी पाहिला नाही याचे कारण लसच आहे. रोग दिसेनासा झाला की सुईचीच भीती उरते.

तेव्हा आपण काय करावे? मोठ्या धोरणांवर आपला ताबा नाही. पण आईच्या बुडालेल्या दिवसाचा खर्च उचलणे आपल्या हातात आहे. येथे उपस्थित असलेल्या बहुतेकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बाया येतात. काहींच्या दुकानांत, कारखान्यांत, बांधकामांवर मजूर आहेत. त्यांच्या लहान मुलांचे लसीकरण-पत्रक आहे काय, आणि ते पुरे झाले आहे काय, एवढे आपण विचारावे. लसीकरणाच्या दिवशी, आणि मुलाला ताप आला तर दुसऱ्याही दिवशी, पगार न कापता रजा द्यावी. ठेकेदाराने कामावरील मजुरांच्या मुलांची यादी आशा कार्यकर्तीच्या हाती द्यावी. यात फारसा पैसा लागत नाही. उदयपूरच्या एक किलो डाळीचा हाच अर्थ आहे.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय उभारले, त्यांतील अनेकांनी देणगी दिली ती आपण स्वतः कधी न वाचलेल्या पुस्तकांसाठी, आपण कधी न पाहिलेल्या वाचकांसाठी. पाझराच्या पाण्याचा मोबदला मिळत नाही हे त्यांना ठाऊक होते. त्या परंपरेच्या वारसदारांना लसीकरणाचा जमाखर्च समजावून सांगण्याची फारशी गरज नव्हती. आकडे तेवढे नवे होते.